पाच मुक्काम, चार बेटं आणि सासूबाईंचे गुडघे

नाशिकच्या एका वाचक भगिनींचं पत्र, थोडक्यात :

"जानेवारीत आम्ही चौघं अंदमानला निघालोय. मी, नवरा, नववीतला मुलगा आणि ७१ वर्षांच्या सासूबाई. सासूबाईंचं माहेर गुहागरचं. गुडघे दुखतात, बीपीची गोळी चालू आहे. आयुष्यात एकदा सावरकरांची कोठडी पाहायची, एवढीच त्यांची इच्छा. भगूरला त्या दोनदा जाऊन आल्यात. मुलाला स्कुबा हवंच आहे, पण त्याला सातवीपर्यंत दम्याचा पंप होता. एजंट म्हणतो, फॉर्मवर ते लिहू नका, उगाच अडवतात. नवऱ्याला पाण्याची भीती वाटते आणि ते कबूलही करत नाहीत. एजंटचा कार्यक्रम असा : रविवारी दुपारी पोर्ट ब्लेअर. सोमवारी सेल्युलर जेल, रॉस आणि नॉर्थ बे. मंगळवारी पहाटे बाराटांग. बुधवारी हॅवलॉक, राधानगर. गुरुवारी सकाळी एलिफंट बीच, दुपारी नील. शुक्रवारी सकाळी नीलला स्कुबा, मग बोटीने पोर्ट ब्लेअर आणि तिथूनच विमान. नणंद म्हणते, आईला माझ्याकडे ठेवून जा, तिथं बिचारी नुसती बसून राहील. एवढा खर्च करून काही सुटायला नको असंही वाटतं आणि सासूबाईंना मागे ठेवायचं मनाला पटतही नाही. काय करू?"

ताई,

तुम्ही प्रश्न सासूबाईंचा म्हणून विचारलाय. कागद दोनदा वाचल्यावर मला तरी अडचण सासूबाईंची दिसत नाही, कागदाची दिसते. त्या घरी राहिल्या तरी हा कार्यक्रम तुम्हा तिघांनाही जमणार नाही.

पहिली गोष्ट, सेल्युलर जेल सोमवारी बंद असतं. तुमच्या सासूबाई ज्या एका कोठडीसाठी निघाल्यात ती नेमकी सोमवारी ठेवलीय. रविवारी दुपारी विमानतळावरून हॉटेलात पोचेपर्यंत जेलची वेळ संपत आलेली असेल आणि पुढचे दिवस तुम्ही पोर्ट ब्लेअरमध्ये नुसत्या झोपायला आहात. म्हणजे ज्यांच्या इच्छेवरून सहल ठरली त्यांचीच जागा सुटणार. दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे : शुक्रवारी सकाळी स्कुबा आणि त्याच दिवशी विमान. पाण्याखाली दाब जास्त असल्यामुळे श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि स्नायूंत विरघळतो. वर आल्यावर तो हळूहळू बाहेर पडतो. विमानाच्या केबिनमधला दाब दोन हजार मीटरच्या आसपासच्या डोंगरावर असतो तेवढाच असतो. सोड्याची बाटली एकदम उघडल्यासारखं होऊन अंगात बुडबुडे धरू शकतात. म्हणून एका साध्या डाइव्हनंतर किमान १२ तास आणि एकापेक्षा जास्त डाइव्ह केल्या असतील तर किमान १८ तास विमानात बसायचं नाही, असा नियम आहे. बरेच प्रशिक्षक सरसकट २४ तास सांगतात आणि तेच धरावं. उथळ डाइव्हला धोका कमी असतो हे खरं, पण नियम मोडायचं कारण 'कागदावर जागा नव्हती' हे असू नये.

तिसरी गोष्ट अनुभवी एजंटकडूनही सुटते. शेवटची रात्र बाहेरच्या बेटावर काढून सकाळच्या बोटीवर विमान लावायचं नसतं. जानेवारीत समुद्र बरा असतो, तरी वारा उठला की बोटी रद्द होतात आणि विमान तुमच्यासाठी थांबत नाही. परतीच्या आदल्या रात्री मुक्काम पोर्ट ब्लेअरलाच हवा. (शहराचं नाव २०२४पासून श्री विजयपुरम झालंय. हॅवलॉक आणि नील २०१८पासून स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप, तर रॉस नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. बोर्डावर नवीन नावं, रिक्षावाल्याच्या तोंडी जुनी. तिकीट काढताना दोन्ही ओळखता आली पाहिजेत, म्हणून सांगून ठेवलं.)

आता 'काहीच सुटायला नको' याबद्दल. 'कव्हर करणं' हा शब्द टूरवाल्यांकडून आपल्या घरात आलाय. तुमच्या सहा दिवसांत तीन वेळा सामान बांधायचं आहे, तीन वेळा मोठ्या बोटीत बसायचं आहे आणि एक दिवस पहाटे तीनला उठायचं आहे. तासांचा हिशेब मांडा : एका बोटीसाठी तासभर आधी धक्क्यावर हजर, दीड-दोन तास प्रवास, उतरून सामान मिळेपर्यंत अर्धा तास, हॉटेल. अर्धा दिवस गेला. त्यात तिकडे दिवस लवकर मावळतो. आपलं घड्याळ सगळ्या देशाला एकच, पण अंदमान नाशिकच्या जवळजवळ १९ अंश पूर्वेला आहे. जानेवारीच्या मध्याला तिथं पावणेसहाला उजाडतं आणि सव्वापाचला सूर्य बुडतो. नाशिकहून तासभर आधी. 'चारला निघू, सूर्यास्त बघू' हा आपला नेहमीचा अंदाज तिथं चुकतो. राधानगरला साडेतीनला पाय वाळूत हवेत.

बाराटांग मी सरळ खोडेन. सासूबाईंसाठी तर नक्कीच : पहाटे तीन-साडेतीनला गाडी, जिरकाटांगच्या नाक्यावर ताफ्याची वाट, पुढे जंगलातला रस्ता, मग फेरी, मग खारफुटीतून छोटी होडी आणि चुनखडीच्या गुहेपर्यंत दीडेक किलोमीटर उंचसखल पायवाट, तेवढीच परत. गुहा चांगली आहे, होडीतून जाताना दोन्ही बाजूंनी वाकलेली खारफुटी तर फारच. पण तो रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. तिथं थांबणं, फोटो काढणं, काही खायला देणं हा गुन्हा आहे. तरीही निम्मी गाडी खिडकीला नाक लावून 'दिसतात का' पाहत असते. मुलाला ते शिकवायचं की नाही हा निर्णय तुमचा. माझं मत मी सांगितलं.

नील आणि हॅवलॉक यांतलं एकच ठेवा. नील लहान, सपाट, भातखाचरांचं बेट. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या कुटुंबांनी वसवलेलं. किनाऱ्यांची नावं सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर. सासूबाईंना आवडेल. पण तिथला प्रसिद्ध नैसर्गिक पूल पाहायला ओहोटीच लागते आणि तीही मेलेल्या प्रवाळाच्या धारदार, शेवाळलेल्या खडकांवरून चालत. दुखऱ्या गुडघ्यांचं ते काम नाही. हॅवलॉकला डाइव्हिंगची केंद्रं जास्त आहेत आणि राधानगरची वाळू रुंद, घट्ट आहे. मुलाचा स्कुबा हा मोठा मुद्दा असेल तर हॅवलॉक. तो रद्द झाला तर नीलचा विचार पुन्हा करा.

तेव्हा मी असं बसवेन. रविवारी उतरा, आराम करा, जवळच कुठंतरी समुद्राकाठी बसून या. सोमवारी जेल बंद, त्या दिवशी सकाळच्या बोटीने हॅवलॉक गाठा आणि दुपारी राधानगर. मंगळवारी सकाळी मुलाचा स्कुबा. बुधवारी सकाळी एलिफंट बीच किंवा काहीच नाही, दुपारच्या बोटीने परत. गुरुवारी सकाळी नऊला जेल, मग जेवण, विश्रांती, दुपारी रॉस. रॉस बुधवारी बंद असतं, गुरुवारी चालू. संध्याकाळी जेलमधला प्रकाश-ध्वनी कार्यक्रम, हिंदीतला. त्याची तिकिटं आधी काढून ठेवा. शुक्रवारी विमान. समजा बुधवारची बोट रद्द झाली, तर गुरुवार हाताशी आहे आणि शुक्रवारी विमान दुपारचं असेल तर सकाळी जेलही होतं. नॉर्थ बे, बाराटांग, नील गेलं. मोठ्या बोटीत तीनऐवजी दोनदाच बसायचं.

आता सासूबाई. नणंदबाई म्हणतात, 'नुसती बसून राहील'. गुहागरला वाढलेली बाई समुद्राकाठी नुसती बसते म्हणजे काय करते, हे त्यांना एकदा विचारा. घरात सगळ्यांत जास्त समुद्र कळणारं माणूस तुम्ही मागे ठेवायला निघालाय. तुमच्या एजंटच्या कागदावर भरती-ओहोटीचा एक शब्द नाही आणि अंदमानात अर्धी मजा तिच्यावर ठरते. हॅवलॉकच्या पूर्वेकडच्या किनाऱ्यावर, म्हणजे गोविंदनगर-विजयनगरकडे, जिथं बहुतेक हॉटेलं आहेत तिथं, ओहोटीला पाणी दूर आत जातं आणि उरतो तो खडक, चिखल आणि गुडघाभर डबकी. दुपारी पोहायचं म्हणून निघालेले लोक तसेच टॉवेल घेऊन परतताना दिसतात. राधानगर पश्चिमेला, तिथं ही अडचण नाही.

सासूबाईंना 'तिथीला पाऊण तास' हा कोकणातला हिशेब ठाऊक असेल : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. तो आपल्या किनाऱ्याच्या घड्याळाचा आहे, अंदमानला तसाच लावू नका. तिथली वेळ हॉटेलात किंवा डाइव्ह केंद्रात विचारून घ्या. पण नियम तोच : रोज साधारण ५० मिनिटं पुढे, भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी, अमावस्या-पौर्णिमेला उधाण आणि अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे सर्वांत लहान भरती-ओहोटी. फरक कोकणाइतका मोठा नाही, उधाणालाही दोनेक मीटर. तरी उथळ प्रवाळावर दोन मीटर म्हणजे सगळंच आलं. एका दिवसाची वेळ कळली की बाकीच्या दिवसांचं वेळापत्रक त्यांना करू द्या. तारखा पक्क्या करण्याआधी कॅलेंडरही त्यांच्यापुढे ठेवा, त्याचं आणखी एक कारण पुढे येईल.

गुडघ्यांचं म्हणाल तर परीक्षा घरीच घ्या. सावरकरांची कोठडी तिसऱ्या मजल्यावर, टोकाला आहे. तिथवर जिने चढूनच जावं लागतं. बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत, प्रत्येक मजल्यावर दोन मिनिटं थांबत, त्या वर जाऊन खाली येऊ शकतात का? उतरताना गुडघे जास्त दुखतात, म्हणून उतरणंही पाहा. वणीच्या गडावर त्या ट्रॉलीने जात असतील तर आतापासून दीड महिना रोज एक मजला, मग दोन, असं वाढवत न्या. डॉक्टरांना विचारून नी-कॅप आणि काठी. काठीची लाज वाटत असेल तर छत्री न्या, जेलच्या आवारात नऊनंतर ऊन असतंच.

जेल उघडताना पोचा. दहानंतर गटांची गर्दी होते आणि अरुंद सज्जातून पुढे सरकत राहावं लागतं. सगळे आधी खालचं संग्रहालय बघतात. तुम्ही उलटं करा. गुडघे ताजे असताना आधी वर जा, कोठडी शांतपणे पाहू द्या, मग खाली येऊन कोलूचं (तेलाच्या घाण्याचं) छप्पर, फाशीघर आणि छायाचित्रं. वर चढल्यावर कोठडीकडे जाताना एका गोष्टीपाशी थांबा. कुठल्याही कोठडीच्या दारासमोर उभं राहून कडी शोधा. लोखंडी दांडा दारातून निघून भिंतीत शिरतो आणि कुलूप लागतं ते दाराच्या बाजूला, हातभर अंतरावर, भिंतीतल्या खोबणीत. गजांतून हात बाहेर काढला तरी बोटं तिथवर पोचत नाहीत. आत साधारण साडेतेरा फूट लांब, साडेसात फूट रुंद जागा, मागच्या भिंतीत डोक्याच्या बऱ्याच वर एक झरोका. एका इमारतीच्या दारांपुढे दुसऱ्या इमारतीची पाठ येते, म्हणून समोर कैदी दिसतच नाही. मुलाला हे पुस्तकातून समजत नाही, त्या खोबणीत हात घालून पाहिला की समजतं.

बांधकाम १८९६ ते १९०६. सात इमारती आणि ६९३ कोठड्या होत्या, त्यांतल्या तीन इमारती उरल्यात. मधल्या मनोऱ्यात नावांच्या पाट्या आहेत. बंगाल आणि पंजाबची नावं किती आहेत ते मुलाला मोजायला सांगा. आपल्याकडचे लोक सावरकरांची कोठडी पाहून लगेच खाली उतरतात. विनायकराव ४ जुलै १९११ला इथं आले, १९२१मध्ये त्यांना रत्नागिरीला हलवलं. थोरले बंधू बाबाराव त्यांच्याही आधीपासून इथं होते. सासूबाई भगूरला जाऊन आल्यात, दोन्ही भावांचं त्यांनाच मुलाला सांगू द्या. कोठडीपाशी त्यांना बसावंसं वाटेल. घाई नको. तुम्ही दोघं मनोऱ्यावर जाऊन या, मुलाला त्यांच्याजवळ ठेवा.

बोटीबद्दल दोन गोष्टी. बहुतेक खासगी जलद बोटी बंद, वातानुकूलित असतात, त्यांत बाहेर डेकवर उभं राहता येत नाही. सरकारी बोटी सावकाश आणि स्वस्त, बहुतेकींवर मोकळी हवा मिळते. बोट लागण्याचा त्रास असेल त्यांनी खालच्या मजल्यावर, मध्याच्या आसपास बसावं, तिथं हेलकावा कमी. नजर मोबाइलवर नको, खिडकीतून क्षितिजावर ठेवायची. पोट रिकामंही नको आणि तेलकटही नको. धक्क्यावरची गरम पुरी-भाजी परतीला खा. बोट लागू नये म्हणून गोळी घ्यायची तर ती निघण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी, मळमळ सुरू झाल्यावर उपयोग नाही. आणि सासूबाईंना ती द्यायच्या आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा. या गोळ्यांनी गुंगी येते, काचबिंदू किंवा लघवीचा त्रास असेल तर त्या चालत नाहीत, बीपीच्या औषधाशीही जमतं का ते पाहावं लागतं. बीपीच्या गोळ्या दोन ठिकाणी ठेवा, एक पाकीट त्यांच्या पर्समध्ये, एक तुमच्या. पोर्ट ब्लेअरला मोठं सरकारी रुग्णालय आहे, हॅवलॉकला छोटं आरोग्य केंद्रच. बोटीत चढता-उतरताना फळी लाटेबरोबर वरखाली होते आणि ओहोटीला उतार वाढतो. त्या वेळी त्यांचे दोन्ही हात मोकळे हवेत, पर्स तुम्ही घ्या, पुढे एक आणि मागे एक माणूस.

मुलाचा स्कुबा. एजंटने 'लिहू नका' म्हटलं, तिथंच मी सावध झालो असतो. दमा का विचारतात? दहा मीटरवर दाब दुप्पट असतो. तिथं छातीत भरलेली हवा वर येताना दुप्पट जागा मागते. श्वासनलिका मोकळ्या असतील तर ती उच्छ्वासातून निघून जाते. एखादी आकसलेली असेल तर हवा मागे अडकते आणि फुप्फुसाला इजा होते, तीही अवघ्या दीड-दोन मीटरवरून वर येताना. थंड, कोरडी हवा आणि धडधड ही दम्याला चेतवणारी दोन्ही कारणं तिथं हजर असतात. याचा अर्थ मुलाला जमणारच नाही असा नाही. दोन वर्षं पंप लागलेला नाही, खेळताना धाप लागत नाही, तर बऱ्याच मुलांना परवानगी मिळते. पण ती एजंटने द्यायची नाही. डाइव्ह केंद्राकडून वैद्यकीय फॉर्म आत्ताच मागवा, नाशिकच्या छातीच्या डॉक्टरांकडे जा, फुंकर मारायची ती स्पायरोमेट्री करून घ्या आणि त्याच फॉर्मवर सही-शिक्का घ्या. तिथं पोचल्यावर कागद शोधत बसाल तर सकाळ जाईल. डॉक्टर 'नको' म्हणाले तर नको. ऐनवेळी सर्दी झाली तरी नको. नाक बंद असेल तर कानाचा दाब जुळत नाही, आणि नाक मोकळं करायचं औषध घेऊन उतरलं की त्याचा असर पाण्याखाली ओसरतो आणि वर येताना कान अडकतो.

जमलं, तर काय होईल ते त्याला आधी सांगून ठेवा. पोहता येणं लागत नाही, वय किमान दहा. किनाऱ्याजवळ कमरेइतक्या पाण्यात सराव होतो : तोंडाने श्वास, चष्म्यात शिरलेलं पाणी नाकाने फुंकून काढणं, तोंडातून नळी सुटली तर परत घेणं. मग प्रशिक्षक मागून टाकी धरून हळूहळू खाली नेतो. या प्रकाराची मर्यादा १२ मीटर आहे, पण पहिल्या वेळेला त्याच्या निम्म्यातच सगळी मजा असते. कान दुखायची वाट पाहायची नाही : पाण्यात डोकं गेल्याबरोबर नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं आणि खाली जाताना दर हातभराला पुन्हा. दाब सर्वांत झपाट्याने बदलतो तो पहिल्या तीन-चार मीटरांतच. दुखलं तर थोडं वर, जोर लावायचा नाही. श्वास कधीही रोखायचा नाही. आणि एक फसवी खूण : अंगठा वर म्हणजे 'झकास' नव्हे, 'मला वर न्या'. झकाससाठी अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ. उत्साहात अंगठा दाखवून पाचव्या मिनिटाला पृष्ठभागावर आलेली मंडळी रोज भेटतात.

केंद्र निवडताना विचारा : एका मुलामागे एक प्रशिक्षक आहे का, त्याचं प्रमाणपत्र कुठल्या संस्थेचं, पाण्याखालची मिनिटं किती? 'एक तास' म्हणतात त्यात कपडे बदलणंही धरलेलं असतं, खालचा वेळ वीस-तीस मिनिटं. फॉर्म न देता पैसे घेणारा, किंवा 'सगळीकडे नाही लिहा' म्हणणारा, कितीही स्वस्त असला तरी उठून या.

स्कुबा नाहीच झाला तर मुलगा रुसेल, म्हणून कॅलेंडरची गोष्ट. हॅवलॉकला रात्री खारफुटीजवळ कयाकमधून नेतात. वल्हं मारलं की पाण्यातले सूक्ष्मजीव निळसर चमकतात. चांदण्यात ते दिसत नाहीत, अमावस्येच्या आसपासच दिसतात. तुमच्या तारखा दोन-चार दिवस हलवता येत असतील तर तिथी पाहून हलवा. उधाण, भांग आणि अंधार तिन्ही एकाच पानावर सापडतील. आणि 'सी वॉक हा सोपा पर्याय' असं कुणी सुचवलं तर एवढं लक्षात ठेवा : डोक्यावर हेल्मेट ठेवून समुद्रतळावर चालवतात, चष्माही कोरडा राहतो, पण दाब तोच, कान तेच, फुप्फुसंही तीच. स्कुबाला नाही म्हटलेल्याने सी वॉकही करू नये.

तुमच्या यजमानांना पाण्यात उतरवायचा घाट घालू नका. भीती वाटणं सोपं, ती मुलासमोर कबूल करणं अवघड. पण त्यांना स्वतःला बघावंसं वाटत असेल तर नाशिकला एखाद्या तरणतलावाच्या उथळ कडेला स्नॉर्केलचा चष्मा लावून तोंड पाण्यात घालायचा सराव चार-पाच वेळा करा. बहुतेकांची भीती बुडण्याची नसते, तोंडाने श्वास घेताना नाक बंद असण्याची असते. ती मोडली की एलिफंट बीचला जॅकेट घालून, रिंग धरून, वाटाड्याबरोबर अर्धा तास सहज जातो. मिशा असतील तर वरची, नाकाखालची ओळ बारीक करून घ्या, नाहीतर चष्म्यात तिथूनच पाणी येतं आणि भीती पुन्हा जागी होते. काचेवर धुकं धरू नये म्हणून आतून थुंकी किंवा बेबी शांपू चोळून विसळायची. पैसे आधी भरू नका, भरल्या पैशाने माणूस नको तिथं उतरतो. काचेच्या तळाची होडी चौघांनाही चालते आणि त्यात कमीपणा काही नाही. पाठीला ऊन लागतं म्हणून सगळ्यांनी पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत. प्रवाळावर पाय टेकू नये : तो दगड दिसतो, पण जिवंत असतो आणि कापतोही.

पाण्यात उतरायचं ते जिथं जीवरक्षक असतील तिथंच आणि अंधाराच्या आत. खाऱ्या पाण्यातल्या मगरी अंदमानात आहेत. २०१०मध्ये राधानगरजवळच्या एका खाडीसारख्या कोपऱ्यात एका परदेशी पर्यटक तरुणीचा मगरीने बळी घेतला होता. इशाऱ्याची पाटी असेल तिथं 'फोटोपुरतं' सुद्धा नाही. संध्याकाळी वाळूतल्या बारीक माशा चावतात, दुसऱ्या दिवशी खाज सुटते. पायांना खोबरेल चोळून बसा, सासूबाईंना हे सांगावंही लागणार नाही.

रोख पैसे जवळ ठेवा, हॅवलॉकला एटीएम मोजकी आणि नेटवर्क लहरी. मूळ ओळखपत्रं चौघांची, बोटीलाही लागतात. एजंटला आजच फोन करून सोमवारचं जेल आणि शुक्रवारचा स्कुबा याबद्दल विचारा. त्याने चूक मान्य करून कागद बदलला तर माणूस बरा. 'बघू तिथं गेल्यावर' म्हणाला तर दुसरा पाहा.

नणंदबाईंना कळवा की आई येताहेत. आणि राधानगरला एक काम तुमच्याकडे : ओहोटीच्या ओल्या वाळूवर चालताना सासूबाई शिंपले वेचणार, गुहागरच्या सवयीने पदरात धरणार. प्रवाळ आणि बरेच शंख-शिंपले कायद्याने संरक्षित आहेत, विमानतळावर बॅग उघडून काढून घेतात. हॉटेलात पोचायच्या आत पदर तिथंच पाण्याच्या कडेला रिकामा करायला सांगा. पावतीसकट एखादा शंख पोर्ट ब्लेअरच्या सरकारी सागरिका दुकानातून, गुरुवारी, रॉसहून परतताना.